तप्त वायूंची रवानगी

यंत्राची थोरवी त्याच्या सामर्थ्यावरून मोजण्याची आपली जुनी वहिवाट आहे. इंजिन किती अश्वशक्तीचे, ते किती भार ओढते, एका लिटरात किती मजल मारते, या प्रश्नांची उत्तरे गाडी विकत घेणाऱ्या गृहस्थापासून रस्त्याकडेच्या मेस्त्रीपर्यंत सर्वांना मुखोद्गत असतात. परंतु आपले काम उरकल्यावर तेच इंजिन जो वायू बाहेर टाकते तो किती तप्त असतो, कोणत्या दिशेने जातो, किती अंतरावर निरुपद्रवी होतो आणि तेथवर पोहोचेपर्यंत त्याच्या वाटेत काय काय येते, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वाहनाच्या मागील बाजूस दिसणाऱ्या, आणि आपल्याकडे सरसकट सायलेन्सर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्या नळीचे शेवटचे वीतभर टोक ही काही दखल घेण्याजोगी वस्तू आहे, असे आपल्या मनातही येत नाही. वस्तुतः इंजिनाची जबाबदारी नळीच्या तोंडाशी संपत नाही. त्याने तापवलेला वायू भोवतालच्या हवेत पुरता मिसळून तिच्याइतका थंड होईपर्यंत ती चालूच राहते. ही जबाबदारी यंत्रकारांनी कशी ओळखली, तिच्यासाठी कोणती तजवीज केली आणि त्या तजविजीला यश येण्यासाठी तुमच्या-आमच्याकडून कोणती खबरदारी अपेक्षित आहे, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

इंधनातील उष्णतेचा जमाखर्च मांडला, तर ढोबळ मानाने तिचे तीन सारखे वाटे पडतात. एक वाटा दट्ट्याला ढकलून प्रत्यक्ष कामी येतो, दुसरा इंजिनाभोवती खेळवलेल्या पाण्यावाटे रेडिएटरकडे जातो, आणि तिसरा, म्हणजे ज्याच्यासाठी आपण पदरचे पैसे मोजले त्या इंधनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, धुराबरोबर बाहेर पडतो. एक किलो डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.५ किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनाची प्रकृतीच अशी की ते गरजेहून पुष्कळ जास्त हवा आत ओढते. तेव्हा किलोभर इंधनामागे पंधरा किलोंहून कितीतरी अधिक तप्त वायू त्या एका नळीतून मार्गस्थ होतो. त्यात सर्वांत मोठा भाग नायट्रोजनचा असतो. त्याखालोखाल न वापरला गेलेला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. आणि अल्पस्वल्प प्रमाणात, परंतु परिणामाने अल्प मुळीच नव्हे असे, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड व काजळीचे सूक्ष्म कण असतात. पेट्रोल इंजिन पूर्ण भाराखाली चालत असता सिलिंडरमधून निघतेवेळी या वायूचे तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते; डिझेल इंजिनात ते बहुधा ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान राहते. पुढे टर्बोचार्जर फिरवण्यात, मफलरच्या कप्प्यांतून वाट काढण्यात आणि नळीच्या भिंती तापवण्यात आपली उष्णता खर्च करीत करीत हा वायू टोकाशी येतो, तेव्हा साधारण परिस्थितीत तो दीडशे ते तीनशे अंशांवर उतरलेला असतो.

तेथून पुढचे काम निसर्ग करतो. वेगाने बाहेर पडलेला झोत स्थिर हवेतून जाऊ लागला की, धावत्या मिरवणुकीत कडेचे बघे ओढले जावेत तशी, भोवतालची हवा त्याच्या कडांकडून आत ओढली जाते. झोत रुंदावतो, मंदावतो आणि त्याच प्रमाणात थंडावतो. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाच्या पाच-सहा पट अंतरापर्यंत झोताच्या गाभ्यात बाहेरच्या हवेचा शिरकाव झालेला नसतो, आणि म्हणून तेथे मूळचे तापमान जवळजवळ जसेच्या तसे टिकते. ट्रकची धूरनळी १० सेंटिमीटर व्यासाची धरली, तर सुमारे अर्ध्या मीटरपर्यंत हा गाभा पोहोचतो. त्यापुढे मात्र अंतर दुप्पट झाले की झोताच्या मध्यभागी असलेली जादा उष्णता निम्म्यावर येते, चौपट झाले की पाव होते. हे सारे घडते ते एका अटीवर. चहूबाजूंनी हवेला आत येण्यास मोकळीक हवी. नळीच्या समोर भिंत असेल, खाली गुडघाभर गवत असेल किंवा झोत जमिनीला लागून वाहत असेल, तर त्या बाजूची हवा त्याला मिळत नाही. शिवाय पृष्ठभागाजवळून जाणाऱ्या झोताला त्या पृष्ठभागाला चिकटून वाहण्याचा स्वभावधर्म असतो; आंरी कोआंदा या रूमानियन अभियंत्याच्या नावाने तो विज्ञानात ओळखला जातो. जमिनीकडे कललेल्या नळीतून निघालेला वायू म्हणूनच आपण समजतो त्याहून दूरवर, आणि समजतो त्याहून तप्त अवस्थेत, भुईसपाट पसरत जातो.

या गोष्टीचे महत्त्व आपल्या मुलखात वर्षाच्या एका विशिष्ट काळात फार वाढते. पावसाळ्यात कमरेपर्यंत वाढलेले माळरानावरचे गवत माघ-फाल्गुनात वाळून पिवळेधमक होते. खळ्यावर मळणी चाललेली असते. कडब्याच्या गंजी रचल्या जात असतात. ऊस तुटून गेलेल्या फडात पाचट पसरलेले असते, आणि त्या फडातून ट्रक व ट्रॅक्टर बाहेर पडत असतात. वाळलेल्या गवताला वा पाचटाला पेट घेण्यास तीनशे अंशांच्या आसपासची उष्णता, ती काही काळ लागून राहिली तर, पुरेशी होते. ठिणगीची गोष्ट आणखी वेगळी. नळीत व मफलरमध्ये साचलेल्या काजळीचे थर भार वाढला की सुटतात आणि पेटलेल्या अवस्थेतच बाहेर उडतात. ट्रॅक्टरचे धुरांडे उभे व उंच ठेवण्यामागे वायू चालकाच्या आणि पिकाच्या वरून निघून जावा हा हेतू आहेच. पण वर उडालेली ठिणगी वाऱ्यावर स्वार होऊन गंजीवर उतरू शकते, म्हणून मळणीच्या जागी धुरांड्यावर ठिणगीरोधक बसवणे शहाणपणाचे ठरते. या साधनात वायूला गरगर फिरवून किंवा जाळीतून नेऊन कण मागे अडवले जातात. पेट्रोलियमच्या साठवणागारांत येणाऱ्या टँकरना तर असा ठिणगीरोधक लावल्यावाचून आत प्रवेशच नाही, आणि तो दंडक किती रास्त आहे हे निराळे सांगावयास नको.

मोटारगाड्यांच्या बाबतीत दुसरा एक उष्ण अवयव विचारात घ्यावा लागतो. १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि पुढे तो सर्वत्र आला. विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारी ही पेटी कित्येक शे अंश तापल्याशिवाय आपले काम करीत नाही, आणि ती असते गाडीच्या पोटाखाली. एखादा सिलिंडर ठोका चुकवीत असला, तर न जळलेले पेट्रोल त्या पेटीत जाऊन जळते आणि ती लालबुंद होण्यापर्यंत मजल जाते. लांबचा प्रवास करून आलेली मोटार रस्त्याकडेच्या उंच वाळक्या गवतात नेऊन उभी करणे म्हणजे तापलेला तवा गवतावर ठेवण्यासारखे नव्हे, तर प्रत्यक्ष तेच होय.

आता या विषयाला गेल्या दोन दशकांत जे नवे वळण मिळाले त्याकडे येऊ. डिझेलच्या धुरातील काजळी फुप्फुसांना घातक आहे हे सिद्ध झाल्यावर ती नळीतच अडवण्यासाठी गाळण्या योजण्यात आल्या. २००० साली पूजो कंपनीने आपल्या ६०७ या मोटारीवर अशी गाळणी बसवून तिचे नियमित उत्पादन सुरू केले. २००७ पासून अमेरिकेतील नव्या जड ट्रकांना लागू झालेले नियम गाळणीवाचून पाळणे दुरापास्त झाले. आणि आपल्या देशात भारत स्टेज ४ वरून मधली पायरी वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज ६ ची अंमलबजावणी झाली, तेव्हा डिझेल वाहनांमध्ये ही गाळणी, चालकमंडळींच्या बोलीतील डीपीएफ, सर्रास दिसू लागली. त्यासाठी डिझेलमधील गंधकाचे प्रमाणही दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणावे लागले. गाळणीची रचना मोठी कल्पक आहे. मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे शेकडो अरुंद वाहिन्या असलेला हा चिनी मातीच्या जातीचा ठोकळा असतो. त्याची एक वाहिनी पुढच्या बाजूने बंद, तर शेजारची मागच्या बाजूने बंद असते. त्यामुळे आत शिरलेल्या वायूला सच्छिद्र भिंतीतून आरपार गेल्याशिवाय सुटका नसते. वायू जातो, काजळी भिंतीवर राहते.

परंतु राहिलेली काजळी साचत जाऊन वाट अडवते, इंजिनाला उलटा दाब सोसावा लागतो, आणि म्हणून ठराविक काळाने ती जाळून टाकणे क्रमप्राप्त होते. काजळी हा कार्बन आहे. तो आपोआप जळण्यास साडेपाचशे-सहाशे अंशांची धग लागते. गाळणीच्या अलीकडचा व पलीकडचा दाब पाहून इंजिनाचा संगणक वेळ झाल्याचे ताडतो, जादा इंधन सोडतो, ते उत्प्रेरकावर जळते, आणि गाळणीतील वायूचे तापमान ६०० अंशांच्या घरात नेऊन काही मिनिटे तेथेच राखले जाते. चालक या क्रियेला रीजनरेशन म्हणतात. महामार्गावर वेगाने जात असता ती होऊन गेली, तर चालकाला तिचा पत्ताही लागत नाही. कारण धावत्या वाहनामागची हवा झोताला क्षणार्धात विखरून टाकते. शहरात रांगतच फिरणाऱ्या किंवा एका जागी उभे राहून काम करणाऱ्या वाहनात मात्र पुरेशी उष्णता जमत नाही, काजळी वाढत जाते, आणि अखेर चालकाला वाहन थांबवून, इंजिनाची गती वाढवून, उभ्या उभ्या ही शुद्धी करून घ्यावी लागते. या क्रियेला कित्येकदा अर्धा तास लागतो. तेवढा वेळ एकाच जागी, एकाच दिशेने, नेहमीच्या दुपटीहून अधिक तापलेला वायू बाहेर पडत राहतो.

येथे एक विलक्षण विसंगती उभी राहते, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म तिच्यातच आहे. आपण धूर जितका स्वच्छ केला, तितका तो काही वेळ अधिक तप्त झाला. आणि जितका तप्त झाला, तितकाच तो अदृश्यही झाला. जुन्या ट्रकचा काळाकुट्ट लोट पाहताच माणूस नाकाला रुमाल लावून बाजूला होत असे, आई मुलाला जवळ ओढून घेत असे. आता त्या नळीतून डोळ्यांना काहीच दिसत नाही. जे निघते ते स्वच्छ व पारदर्शक असते, मात्र गवत पेटवण्याइतके, प्लास्टिक वितळवण्याइतके आणि माणसाची पोटरी भाजण्याइतके उष्ण असते. आरोग्याच्या दृष्टीने झालेला हा बदल निःसंशय हितकारक आहे. पण डोळ्यांनी मिळणारी जुनी सूचना नाहीशी झाली, तिच्या जागी दुसरा बंदोबस्त उभा करणे भागच होते.

तो बंदोबस्त यंत्रकारांनी ज्या युक्तीने केला ती दोन शतकांहून जुनी आहे. १७३८ साली डॅनियल बर्नूली यांनी प्रवाहाचा वेग व दाब यांचा परस्परसंबंध मांडला. १७९७ साली जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन विद्वानाने अरुंद वाटेतून जाणाऱ्या आणि आपल्यासोबत भोवतालचे द्रव ओढून नेणाऱ्या प्रवाहांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वाफेच्या आगगाडीने या तत्त्वाचा मोठा उपयोग करून घेतला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी ओढून नेणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांसारख्या वाफेच्या यंत्रांत सिलिंडरमधून निघालेली निरुपयोगी वाफ एका अरुंद तोटीतून धुरांड्यात सोडली जाई; ती वेगाने वर जाताना भट्टीतील वायूंना आपल्यामागे खेचून नेई, आणि त्या ओढीने भट्टीतील निखारा अधिकच फुलत असे. १८५८ साली आंरी जिफार या फ्रेंच अभियंत्याने याच ओढीच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी भरणारे, एकही हलता भाग नसलेले साधन निर्माण केले. प्रवाहाच्या अंगी असलेल्या वेगाला आणखी एक काम सांगायचे, हाच या सर्व युक्त्यांचा गाभा होय.

ट्रकच्या धूरनळीवर बसवला जाणारा विसारक याच कुळातला. त्याच्याजवळ जाऊन, अर्थात इंजिन बंद व नळी थंड असताना, नीट न्याहाळले तर रचना सहज ध्यानात येते. मूळ नळीचे टोक किंचित निमुळते केलेले असते, आणि त्याच्यावर, त्याला चिकटून नव्हे तर भोवताली बोटभर मोकळी जागा सोडून, त्याहून मोठ्या व्यासाची दुसरी आखूड नळी दोन-तीन पट्ट्यांनी धरून ठेवलेली असते. निमुळत्या टोकातून वायू वेगाने सुटला की त्याच्या आजूबाजूचा दाब घटतो, आणि त्या मोकळ्या फटीतून बाहेरची थंड हवा आपसूक आत ओढली जाते. दोन्ही नळ्यांच्या दरम्यान तिचे व तप्त वायूचे मिश्रण होते आणि मगच ते बाहेर पडते. काही विसारकांत टोकाला फुलाच्या पाकळ्यांसारखे आत-बाहेर वळलेले पन्हळे पाडलेले असतात, जेणेकरून थंड हवेला तप्त वायूच्या गाभ्यापर्यंत शिरण्यास अधिक कडा मिळतात. काहींत शेवटचे तोंड दाबून पंख्यासारखे रुंद व चपटे केलेले असते, जेणेकरून झोत एका ठिकाणी न लागता पसरून जावा. पंखा नाही, विजेची तार नाही, वंगण नाही. ज्या वायूपासून धोका, त्याच्याच वेगाने धोक्याचे निवारण होते. गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या युद्धनौकांच्या धुरांड्यांतही हीच योजना मोठ्या प्रमाणावर केलेली असते. तेथे ती डोलकाठीवरील उपकरणांचे रक्षण करते आणि उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्रांपासून नौकेला काही अंशी लपवतेही.

किती हवा मिसळली म्हणजे किती गुण येतो, याचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. वायू ६०० अंशांवर आणि बाहेरची हवा ३० अंशांवर धरली, तर वजनाने निम्मी हवा मिसळताच मिश्रण ४१० अंशांवर उतरते. समभाग मिसळली तर ३१५ अंशांवर येते. आणि दुप्पट मिसळली तर २२० अंशांवर. एकूण उष्णतेत यामुळे कणाचीही घट होत नाही हे येथे विसरता कामा नये. ती अधिक हवेत वाटली जाते, इतकेच. परंतु आग लागणे वा न लागणे हे उष्णतेच्या एकूण साठ्याहून तिच्या तीव्रतेवर अवलंबून असल्यामुळे ही वाटणीच जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करते. अर्थात यंत्रशास्त्रात फुकट काही मिळत नाही. तोटी फार निमुळती केली तर ओढ वाढते, पण इंजिनावरचा उलटा दाबही वाढतो व इंधन जास्त लागते. मिश्रणाची नळी आखूड ठेवली तर मिसळण्यास अवधी मिळत नाही, लांब ठेवली तर ती अडचणीची होते. या ओढाताणीतून योग्य तो मध्य काढणे यातच अभियंत्याचे कसब आहे.

आणि नेमके हेच कसब अज्ञानाने क्षणात मातीमोल होऊ शकते. ती मोकळी फट पाहून एखाद्याला जोड सैल झाल्यासारखे वाटते आणि तो वेल्डिंग करून ती बुजवून टाकतो. दुसरा शोभेसाठी टोकावर चकचकीत नळकांडे चढवतो. तिसऱ्याच्या गाडीत चिखल व पाचट त्या फटीत बसून घट्ट होते आणि महिनोन्महिने तसेच राहते. फट बुजली की हवा ओढली जाणे थांबते आणि मूळचा सहाशे अंशांचा वायू पुन्हा जसाच्या तसा बाहेर येऊ लागतो. म्हणून गाडीखाली काम करणाऱ्या प्रत्येक मेस्त्रीने हे मनावर कोरून ठेवावे की ती फट मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती मोकळी राहिली पाहिजे.

आतापर्यंत विवेचन झाले ते उष्णतेचे. परंतु थंड झालेला धूर म्हणजे निर्विष झालेला धूर नव्हे, हे स्पष्टपणे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे सख्य ऑक्सिजनहून दोनशे पटींहून अधिक; आणि बंद जागेत तो साचू लागला की माणसाला डोके जड झाल्यासारखे वाटते, गुंगी येते, व उठून दार उघडण्याचे त्राण उरत नाही. हवेत मिसळून विरळ करण्याची युक्ती मोकळ्या आकाशाखालीच लागू पडते. जेथे मिसळण्यासाठी आणलेली हवा तीच ती पुनःपुन्हा फिरत असते, तेथे विसारक कितीही उत्तम असला तरी व्यर्थ. वीज गेली म्हणून दुकानाचे शटर अर्धे ओढून आत छोटा जनरेटर लावणे, पावसात भिजू नये म्हणून तो जिन्याखाली आणणे, थंडीच्या रात्री बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवून बसणे, या गोष्टी प्राणघातक आहेत, आणि त्यांपायी दरवर्षी माणसे जीव गमावतात.

मोठ्या डिझेल जनरेटरांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुरांड्याच्या उंचीचा साधा नियम घालून दिला आहे. जनरेटरच्या केव्हीएमधील क्षमतेचे वर्गमूळ काढावे, त्याचा एक पंचमांश घ्यावा, आणि तितके मीटर धुरांडे इमारतीच्या उंचीहून वर न्यावे. १०० केव्हीएच्या जनरेटरचे धुरांडे या हिशेबाने इमारतीच्या वर २ मीटर, तर २२५ केव्हीएचे ३ मीटर हवे. यामागचा विचार असा की, इमारतीवरून जाणारा वारा तिच्या आडोशाच्या बाजूला भोवरा धरून खाली वळतो, आणि त्या भोवऱ्यात सापडलेला धूर खिडक्यांतून घरात शिरतो. धुरांड्याचे तोंड त्याच्या वर असले की वारा धूर उचलून दूर नेतो. गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी आपल्या आवारातील धुरांडे या नियमाच्या कसोटीस उतरते की नाही हे एकदा वर पाहून ठरवावे.

बंद जागेतील धुराचा प्रश्न सर्वांत भव्य स्वरूपात उभा राहिला तो न्यूयॉर्क व न्यू जर्सी यांना जोडण्यासाठी हडसन नदीखालून मोटारींचा बोगदा खणण्याचे ठरले तेव्हा. हजारो मोटारी ज्यातून अहोरात्र जाणार, अशा बोगद्यात माणसे गुदमरणार नाहीत याची हमी त्यापूर्वी कोणी दिलेली नव्हती. येल विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांवर काळजीपूर्वक प्रयोग करून, पाऊण तासाच्या मुदतीत हवेच्या दहा हजार भागांत कार्बन मोनॉक्साइडचे चार भाग मनुष्य निर्धोकपणे सोसू शकतो असे प्रमाण ठरवले. मुख्य अभियंता क्लिफर्ड हॉलंड १९२४ साली काम अपुरे असतानाच निवर्तले. ओल सिंगस्टाड यांनी वायुवीजनाची योजना तडीस नेली. चार इमारतींत मिळून ८४ पंखे बसवले गेले. त्यांतील निम्मे ताजी हवा आत लोटतात, निम्मे दूषित हवा बाहेर काढतात. ताजी हवा रस्त्याच्या तळाखालच्या पोकळीतून कडेला येते, धूर छतावरच्या पोकळीतून जातो, आणि दर ९० सेकंदांनी बोगद्यातील सगळी हवा बदलू शकते. १९२७ च्या नोव्हेंबरात हा बोगदा हॉलंड यांच्याच नावाने खुला झाला. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील बोगद्यांतून जाताना छताजवळ लांबट नळकांड्यांसारखे पंखे टांगलेले दिसतात. त्यांच्यातून निघणारा जोरदार झोत अवघ्या बोगद्यातील हवेला आपल्यासोबत ओढून पुढे नेतो. ट्रकच्या नळीवरील विसारकाचेच तत्त्व तेथे डोंगराच्या पोटात राबत असते.

या साऱ्यातून सामान्य माणसाने घ्यावयाचा बोध थोडक्यात सांगता येतो. उभ्या वाहनाची रीजनरेशन करावयाची झाल्यास मोकळी, उघड्या मातीची किंवा डांबरी जागा निवडावी. मागे दोन-तीन मीटरपर्यंत गवत, पाचट, कडबा, ताडपत्री वा दुसरे वाहन नसावे, झाडाची खालची फांदी धुरांड्यावर येत नसावी, आणि पेट्रोल पंपाच्या आवारात तर ते काम मुळीच करू नये. लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये. साखर कारखान्याच्या आवारात रांगेत उभ्या असलेल्या ट्रकवाल्याने पुढच्या गाडीतील उसाकडे आपली नळी रोखलेली नाही ना, हे पाहावे. गाळणी वारंवार तुंबते म्हणून ती कापून काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो साफ नाकारावा. तुंबण्याचे कारण इंजिनात शोधावे, कारण काढून टाकलेली गाळणी म्हणजे पुन्हा फुप्फुसात गेलेली काजळी होय.

सरकारदरबारीही एक गोष्ट करण्याजोगी उरली आहे. प्रदूषण नियंत्रणाच्या प्रमाणपत्रासाठी पेट्रोल वाहनाच्या धुरातील वायू मोजले जातात, डिझेल वाहनाच्या धुराचा काळेपणा मोजला जातो, आणि हे मोजमाप योग्यच आहे. पण नळीतून काय निघते याच्या जोडीला ते कोठे व कशा रीतीने सोडले जाते, याची नोंद त्या कागदावर कोठेच होत नाही. व्यापारी वाहनांना वेळोवेळी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. त्या तपासणीच्या वेळी तपासनीसाने वाकून नळीचे टोक पाहावे; ते जमिनीवर रोखलेले नाही ना, विसारक असल्यास त्याची फट मोकळी आहे ना, ठिणगीरोधक जागेवर आहे ना, कोणी वेल्डिंग करून मूळ रचना बदललेली नाही ना, एवढे चार प्रश्न दाखल्यात समाविष्ट करावेत. त्याला उपकरण लागत नाही, खर्च येत नाही, दोन मिनिटांहून अधिक वेळही जात नाही. इंजिन बनवणाऱ्यांनी तप्त वायूला शेवटच्या वितीपर्यंत आवरून आणण्याचे काम पुष्कळ निष्ठेने केले आहे. त्यापुढची वीत नियम करणाऱ्यांनी, मेस्त्रींनी आणि चालकांनी आपली म्हणून सांभाळली पाहिजे.